तेरा डिसेंबरचा फोन

वर्षातून एकदा, तेरा डिसेंबरला, माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ आमच्या घरी फोन करायचा. म्हणायचा, "खूप वर्षं जग." माझा नवरा म्हणायचा, "तूही." मग दोघं फोन ठेवायचे. दोन दिवसांनी, पंधराला, माझा नवरा त्याला फोन करायचा. "खूप वर्षं जग." "तूही." संपलं. उरलेलं वर्ष दोघं एकमेकांचं नावसुद्धा काढत नसत.

तेरा तारीख म्हणजे संत एफस्त्रातिओसचा दिवस, म्हणून माझ्या नवऱ्याचा, स्त्रातिसचा. पंधरा म्हणजे संत एलेफ्थेरिओसचा, म्हणून त्याच्या भावाचा, लेफ्तेरिसचा. आमच्या बेटावर मोठ्या माणसाचा वाढदिवस कुणाच्या ध्यानात नसतो, पण नावाच्या संताचा दिवस विसरणं म्हणजे माणसाच्या तोंडावर दार लावणं. त्या दिवशी आमंत्रण लागत नाही. ज्याचा नावदिवस, त्याचं दार उघडं. येईल त्याच्यापुढे गोडाची बशी ठेवायची, मग तो वैरी का असेना. लेफ्तेरिस आखाताच्या पलीकडच्या गावात राहतो. त्या उघड्या दारातून तो कधी आत आला नाही, पण फोन त्याने कधी चुकवला नाही.

भांडण कशावरून? एका अक्रोडाच्या झाडावरून. सासऱ्यांनी दोन्ही भावांच्या ऑलिव्हच्या रानांमध्ये ते लावलं होतं. त्याच्या सावलीने आपली झाडं खुरटतात म्हणून लेफ्तेरिसने ते एका सकाळी तोडलं. विचारलं नाही. स्त्रातिस म्हणाला, "बापाचे हातपाय तोडलेस." लेफ्तेरिस म्हणाला, "बापाला सावली लागत नाही आता." एवढ्यावर दोन शहाणीसुरती, नातवंडं खेळवायच्या वयाची माणसं बोलायची थांबली. मी जन्मभर पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवलं. खोडरबरावरून रक्त निघेपर्यंत भांडणारी पोरं मी पाहिली आहेत. पण ती मधल्या सुट्टीत एकाच डब्यातून खातात. म्हाताऱ्यांच्या या माजाची मला शिसारी येते, आणि हे मी स्त्रातिसला तोंडावर सांगितलेलं आहे. तो म्हणतो, "तुला नाही कळायचं." मला सगळं कळतं.

तर असा तो फोन. बोळकंडीत लहान टेबलावर, खाली माझ्या आईने विणलेला रुमाल. बाराव्या तारखेला संध्याकाळी स्त्रातिस काही न बोलता शर्टाच्या बाहीने त्याचा रिसीव्हर पुसायचा. मी बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची.

नोव्हेंबरात आमचा मुलगा प्रोकोपिस अथेन्सहून ऑलिव्ह उतरवायला आला. चार दिवस जाळी पसरली, काठ्या मारल्या, पोती गिरणीत नेली, आणि पाचव्या दिवशी पाऊस लागला तसा त्याला घरात बसून काम सुचलं. आमचं फोनचं बिल त्याच्या हाती पडलं.

"आई, या फोनवर कोण बोलतं गं?"

"वाजतो ना तो."

"वाजतो, पण करतं कोण? गाद्या विकणारे, वीज विकणारे, आणि हाच फोन विकणारे! मावशीपासून पाद्र्यापर्यंत सगळे तुझ्या मोबाइलवर करतात. मग हे लोढणं कशाला पोसायचं? नुसतं इंटरनेट ठेवू. स्वस्त पडेल."

"किती?"

"महिन्याला पाच युरो. वर्षाचे किती झाले, तूच सांग, बाई आहेस." मग तो बापाकडे वळला. "बाबा, तुम्ही सांगा. या फोनवर शेवटचा कामाचा फोन कधी आला होता?"

स्त्रातिस स्टोव्हसमोर बसून हातांच्या भेगांना तेल लावत होता. त्याचा हात थांबला. शेवटचा कामाचा फोन कधी आला होता ते त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. एकच वाक्य बोलायचं होतं: 'तेरा डिसेंबरला, माझ्या भावाचा.' पण ते बोलायचं तर भावाचं नाव काढावं लागलं असतं, मुलासमोर कबूल करावं लागलं असतं की आपण वर्षभर त्या एका फोनची वाट बघतो. 

"काढून टाक," तो म्हणाला.

"स्त्रातिस, नंबर जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे."

"डिसेंबर येतोय."

"डिसेंबर दर वर्षी येतो."

"लेफ्तेरिसकडे दुसरा नंबर नाही आपला."

प्रोकोपिसने मान वर केली. स्त्रातिसने तेलाची बाटली जोरात खाली ठेवली. "मी काढून टाक म्हटलं ना! बहिरे आहात का दोघं?" आणि पावसात लाकडं आणायला गेला. लाकडं आत ढीगभर होती.

प्रोकोपिसने कंपनीला फोन लावला, त्याच फोनवरून. पलीकडून बाई म्हणाली की आपला फोन आमच्यासाठी फार मोलाचा आहे, आणि मग बराच वेळ बाजा वाजत राहिला. शेवटी काम झालं. दोन दिवसांनी माणूस येऊन तार कापून गेला आणि टेबलावर, आईच्या रुमालावर, एक पांढरी डबी ठेवून गेला. तिच्यावर हिरवे दिवे लुकलुकत. हात लावला तर ती कोमट लागायची, उन्हात बसलेल्या बेडकासारखी. भिंतीतून कापलेल्या तारेचं टोक बाहेर आलं होतं, त्यातून तांब्याचे केस दिसत होते. मी त्यावर चिकटपट्टी लावली. जुना फोन प्रोकोपिस फेकणार होता, तो मी कपाटात ठेवला.

शेजारची एर्मिओनी दुपारी माझ्याकडे गणितं करायला येते. दहा वर्षांची आहे, हुशार आहे, फक्त घाई करते. मी तिला घरातलीच गणितं घालते, म्हणजे आकडे बोलायला लागतात.

"आधी महिन्याला बत्तीस युरो जायचे, आता सत्तावीस जाणार. किती वाचले?"

"पाच. सोप्पं! आजी, पाच युरोंचं तू काय घेणार?"

"बघू," मी म्हटलं.

तेरा तारीख उजाडली. स्त्रातिसने सकाळीच दाढी केली, निळा स्वेटर घातला आणि बोळकंडीत, त्या पांढऱ्या डबीजवळ, खुर्ची ओढून बसला. इथे बसून वारा बरा लागतो म्हणे. डिसेंबरात! दहा वाजल्यापासून माणसं यायला लागली. जुने बसचालक आले, त्याच्याबरोबर पंचवीस वर्षं बेटभर गाडी हाकलेले. चर्चमधले आले, शेजारपाजार आला. मी बश्या फिरवत होते, लिकरचे पेले भरत होते. "खूप वर्षं जग, स्त्रातिस!" "तुम्हीही, तुम्हीही." तो हसत होता, हात हलवत होता, आणि अधूनमधून डबीकडे बघत होता, जणू ती वाजेल.

दुपारी माझा मोबाइल वाजला. तो असा उठला की खुर्ची पडली. 

प्रोकोपिस होता. "बाबा, खूप वर्षं जगा! बघा, मोबाइलवर आवाज कसा शेजारून बोलल्यासारखा येतो!"

"हो," स्त्रातिस म्हणाला. "शेजारून." 

संध्याकाळी पाहुणे ओसरले. मी बश्या धुवायला गेले. बाहेर येऊन बघते तर कपाट उघडं, आणि हा जुन्या फोनचा रिसीव्हर कानाला लावून उभा. तार पायाशी लोंबत होती.

"काय करतोयस?"

"धूळ बसलीय का बघतोय."

"कानाने?"

त्याने रिसीव्हर परत ठेवला आणि आत जाऊन पडला. जेवलाही नाही. नावदिवसाच्या दिवशी न जेवता झोपलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

मग मी एक केलं. माझ्या मोबाइलवरून आमचाच जुना नंबर फिरवला. प्रोकोपिस पहिलीत असल्यापासून तोच नंबर. मुलांना तोच पाठ, दिवंगत सासूला तोच पाठ. पलीकडून एक बाई बोलली. स्वच्छ, गोड, मेलेला आवाज. "आपण फिरवलेला क्रमांक अस्तित्वात नाही." थोडं थांबून पुन्हा. "आपण फिरवलेला क्रमांक अस्तित्वात नाही." लेफ्तेरिसने फोन केला असेल तर त्याने हेच ऐकलं असणार. केला नसेल तर गोष्टच वेगळी. आणि केला की नाही, हे आम्हाला आता कधी कळणारच नव्हतं! त्याने केला आणि हे ऐकलं, तर तो म्हणणार: मी करू नये म्हणून नंबर बदलला. मग पंधराला स्त्रातिस म्हणणार: त्याने मला केला नाही, मी त्याला का करू? आणि संपलं. अक्रोडाने जे पुरतं तोडलं नव्हतं ते पाच युरोंनी तुटणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी शहरात गेले, कंपनीच्या दुकानात. काउंटरवर ग्रिगोरिस होता. माझाच विद्यार्थी. बेरजेत हा पोरगा नेहमी हातचा विसरायचा, म्हणून मी त्याला वालाचा एक दाणा मुठीत धरायला द्यायची: हातचा मिळवेपर्यंत मूठ उघडायची नाही. दोन महिन्यांत शिकला. दाणा परत देताना म्हणाला होता, "बाई, हा मी पेरू?"

"बाई! या, बसा ना!" त्याने माझ्यापुढे चॉकलेटांचं भांडं सरकवलं. प्रत्येक चॉकलेटवर कंपनीचं नाव. 

"बसायला नाही आले, ग्रिगोरिस. हिशेब समजून घ्यायला आलेय."

"आता मी तुम्हाला शिकवणार?" तो हसला.

"शिकव. आम्ही आधी बत्तीस युरो देत होतो. त्यात इंटरनेट किती आणि फोन किती?"

"तसं वेगळं नसतं, बाई. पॅकेज असतं."

"पॅकेजमध्ये दोन वस्तू आहेत ना? एकेक सांग."

त्याने पडद्यावर बघितलं. मग काउंटरवर बघितलं. "इंटरनेट बत्तीस."

"आणि फोन?"

"फोन... फुकट."

"पुन्हा सांग, मागच्यांना ऐकू आलं नाही." माझ्या मागे तिघं रांगेत उभे होते.

"फोन फुकट असतो, बाई. इंटरनेट घेतलं की बरोबर येतो."

"मग तो काढून आमचं काय वाचलं?"

"पहिले तीन महिने तुम्हाला सत्तावीसच पडणार ना!"

"आणि चौथ्या महिन्यात?"

त्याने चॉकलेटांचं भांडं उगाच सरळ केलं.

"ग्रिगोरिस, मूठ उघड."

त्याचे कान लाल झाले. "छत्तीस," तो म्हणाला.

"का?"

"पॅकेजची सवलत गेली ना. दोन्ही घेतलं तर सवलत, एकच घेतलं तर पूर्ण भाव."

"म्हणजे भाजीवाला टोमॅटोबरोबर पार्सलीची जुडी फुकट देतो. मी म्हटलं, बाबा, जुडी नको, घरी सडते. तर तो म्हणतो, नको ना? मग टोमॅटो महाग."

मागचा एक म्हातारा खो खो हसला. 

"तसंच म्हणा," ग्रिगोरिस पुटपुटला.

"मी कशाला म्हणू? तू विकतोयस. माझ्या मुलाला सांगितलंत हे?"

"त्यांनी विचारलं नाही, बाई. विचारलं असतं तर सांगितलं असतं. आम्हाला तसंच सांगितलंय वरून."

वरून! शाळेतही पोरं असंच सांगतात: मी नाही, त्याने सांगितलं. पण त्यांना निदान रडू येतं.

"बरं. आम्हाला तो फोन परत हवाय. तोच नंबर."

"नवीन वर्षात अर्ज करता येईल. आताचं मोडलं तर दंड बसेल. आणि नंबर तोच मिळेल असं नाही सांगता येत. कदाचित कुणाला दिलाही असेल."

मी निघाले. तो मागून म्हणाला, "बाई, चॉकलेट तरी घ्या." मी एक घेतलं, पोराचा अपमान नको म्हणून, आणि बसमध्ये उघडलं. त्याला प्लास्टिकचा वास येत होता. मी ते रुमालात थुंकले. 

थांब्यावर उतरून पाव घ्यायला बेकरीत गेले. बेकरीवाली अग्लाया पीठ झटकत बाहेर आली. तिच्या दुकानासमोर चर्च आणि चर्चच्या कोपऱ्यावर तो विजेचा खांब, ज्याच्यावर आमच्याकडे मेलेल्यांचे कागद चिकटवतात: नाव, वय, अंत्यविधी कधी, मागे कोण कोण.

"मिर्सिनी, तुझा दीर काल आला होता का गं तुमच्याकडे?"

"कोण?"

"लेफ्तेरिस. काल दिवे लागायच्या वेळेला. मला वाटलं, चला, झालं एकदाचं तुमचं! पण तो खांबाशीच उभा. चष्मा लावून एकेक कागद वाचत होता. तो म्हातारा कोळी वारला ना परवा, एफस्त्रातिओस, त्याच्या कागदावर हात ठेवून तर बराच वेळ उभा होता. मी म्हटलं, याची कुठली ओळख? हाक मारली, तर गाडीत बसून गेला."

हातातला गरम पाव पिशवीत टाकायचा मी विसरले.

त्याने फोन केला होता. ती गोड बाई बोलली होती. मग तो आखात फिरून आला होता, भाऊ जिवंत आहे की मेला ते बघायला. आणि घरी यायच्याऐवजी खांबापुढे उभा राहिला होता! एका गल्लीवर आमचं घर होतं, दिवे लागलेले, दार उघडं, आत गोडाच्या बश्या. त्या दारापेक्षा या माणसाला मेलेल्यांचे कागद जवळचे वाटले. असल्या मानाला काय करायचं? लोणचं घालायचं?

घरी जाऊन मी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. स्त्रातिस ऐकत होता. मी संपवल्यावर त्याने टोपी घातली आणि बाहेर गेला. मला वाटलं, लाकडांकडे. नंतर अग्लायाने सांगितलं, तो खांबाशी गेला होता. त्यानेही ते कागद वाचले. त्याच्याच नावाचा तो कागद त्याने वाचला, मग परत आला. 

दुपारी एर्मिओनीला मी वजाबाकी दिली: आधीचे बत्तीस, चौथ्या महिन्यापासून छत्तीस, किती वाचले? ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली. 

"आजी, हे जात नाही. खालचा आकडा मोठा आहे."

"बरोबर. जात नाही."

"मग हे वाचणं नाहीच मुळी!"

"मग काय आहे?"

तिने विचार केला. "खोटारडेपणा," ती म्हणाली. 

मी तिला दहापैकी दहा दिले.

पंधराला सकाळी स्त्रातिसने माझा मोबाइल मागितला. मी म्हटलं, आत बस आणि बोल. तर तो अंगणात गेला, लिंबाच्या झाडाखाली, मोबाइल तळहातावर मेलेल्या माशासारखा धरून. आवाज मोठा ठेवायला लावला. मोबाइल कानाला लावलेला त्याला चालत नाही. पलीकडे घंटा वाजली. तिकडे अजून भिंतीवरचा फोन आहे, जुन्या घंटेचा.

"कोण?" लेफ्तेरिसचा आवाज.

स्त्रातिसने घसा साफ केला. तोंड उघडलं. दर वर्षी पंधराला हाच आधी बोलायचा, पण तेव्हा दोन दिवसांपूर्वी भावाचा फोन येऊन गेलेला असायचा. आता पहिला शब्द त्याचा होता, आणि तो निघेना. एक श्वास गेला, दुसरा गेला.

"परत तुम्हीच!" लेफ्तेरिस ओरडला. "लाज नाही वाटत? सणाच्या दिवशी तरी सोडा माणसाला! फोन करता आणि वर तोंड मिटून बसता! नको मला तुमचं इंटरनेट, नको तुमची स्वस्त वीज! माझा फोन भिंतीवरच राहणार. माझं मडं उचलाल तेव्हा काढा!"

आणि ठेवला.

लिंबावरून एक चिमणी उडाली. स्त्रातिस मोबाइलकडे बघत राहिला. "एवढं तर तो अक्रोडाच्या वेळीही बोलला नव्हता," तो म्हणाला.

"परत लाव."

परत लावला. घंटा वाजत राहिली. तिसऱ्यांदा लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा तेच विकणारे, असं त्याला वाटलं असणार. या विकणाऱ्यांनी माणसाच्या दारावरची घंटासुद्धा नासवली आहे; वाजली की माणूस आधी शिवी तयार ठेवतो.

मी म्हटलं, "आता?"

स्त्रातिसने मोबाइल माझ्या हातात दिला आणि गाडीची किल्ली घेतली. "मिठाईच्या दुकानावरून जाऊ. रिकाम्या हाताने नको."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? आज त्याचं दार उघडं असतं."

वाटेत तो एक शब्द बोलला नाही. मीही बोलले नाही. बोलले असते तर त्याने गाडी वळवली असती, एवढं मला त्याचं गणित येतं.

लेफ्तेरिसच्या घरी दहाबारा माणसं होती. आम्ही दारात उभे राहिलो आणि आतलं बोलणं थांबलं. लेफ्तेरिस हातात ऊझो दारूची बाटली घेऊन उभा होता. किती म्हातारा झालाय, मला वाटलं. फोनवर आवाज म्हातारा होत नाही. त्याच्या मागे बोळकंडीत भिंतीवर तो फोन, पिवळा पडलेला.

नावदिवशी दारातल्याला घालवता येत नाही. त्याने बाटली खाली ठेवली. 

"या, वहिनी," तो मला म्हणाला. भावाला नाही म्हणाला.

जाऊबाईंनी बश्या आणल्या. स्त्रातिसने मिठाईचा खोका टेबलावर ठेवला आणि टेबलालाच सांगितल्यासारखा म्हणाला, "खूप वर्षं जग."

लेफ्तेरिसने 'तूही' म्हटलं नाही. 

"नंबर बदललास," तो म्हणाला.

"बदलला नाही. काढला."

"मी फोन करतो म्हणून?"

"तुझा काय संबंध? स्वस्त पडतं म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"पोरगा म्हणाला. पोराला कंपनी म्हणाली."

"मग? पडलं स्वस्त?"

स्त्रातिसने माझ्याकडे बघितलं. "तू सांग. तुला समजावता येतं."

मी सांगितलं. जितकं साधं करून सांगता येईल तितकं, जुडीसकट. फोन फुकटच होता. इंटरनेटच्या पैशात तो बरोबर आलेला होता. तो काढला म्हणून काही कमी झालं नाही, उलट सवलत गेली. तीन महिने साखर, मग पुढे कडू. 

लेफ्तेरिस ऐकत होता. त्याचा चेहरा हळूहळू असा झाला की जणू त्याने नासका मासा चावला.

"म्हणजे फुकटच्या वस्तूसाठी," तो म्हणाला, "फुकटच्या! मला त्या खांबापुढे उभं केलंत तुम्ही. ती बाई म्हणते, अस्तित्वात नाही. मी पुन्हा फिरवला. ती म्हणते, अस्तित्वात नाही. मग गाडी काढली. आणि पहिलाच कागद कुणाचा? एफस्त्रातिओस! मोठ्या काळ्या अक्षरात. चष्मा गाडीत राहिलेला. आडनाव दिसेना. चष्मा आणायला परत गाडीपर्यंत धावलो, या वयात! आणि तू जिवंत! घरात बसून मिठाई खात होतास!"

"मी नाही खाल्ली," स्त्रातिस म्हणाला.

"खरंय," मी म्हटलं. "जेवलासुद्धा नाही."

"आणि आज मी फोन केला तर शिव्या दिल्यास," स्त्रातिस म्हणाला.

"तो तू होतास?"

"मग कोण?"

"मग बोलायचं होतं ना, गाढवा! मला काय वास येतो तुझा तारेतून?"

"तू बोलू दिलंस का?"

"नालायक!"

"कोण, मी?"

"ते! ते सगळे! विकणारे!" लेफ्तेरिस दाराकडे गेला आणि अंगणात थुंकला. "थू!"

स्त्रातिस उठला, त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि तोही थुंकला. "थू!"

दोघं तसेच उभे होते, खांद्याला खांदा, बाहेरच्या ओल्या जमिनीकडे बघत. मग लेफ्तेरिसने कडू औषध गिळावं तसं तोंड केलं आणि म्हणाला, "तूही."

अक्रोडाचं नाव कुणी काढलं नाही. मी काढणार आहे, पण त्या दिवशी नाही. मुलांनाही एका तासात एकच धडा शिकवायचा असतो.

सगळे पुन्हा बोलायला लागले, पेले भरले, आणि भिंतीवरचा फोन वाजला. जाऊबाईंनी उचलला, ऐकलं आणि वैतागून नवऱ्याकडे बघितलं. "कंपनीवाले आहेत. विचारतायत, इंटरनेट घ्यायचं का."

लेफ्तेरिसने रिसीव्हर घेतला. शिवी तोंडात आलीच होती. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने तो भावापुढे धरला. "घे. तुझ्यासाठी आहे."

स्त्रातिसने रिसीव्हर कानाला लावला. शांतपणे सगळं ऐकून घेतलं. पलीकडचा पोरगा बोलत होता, भराभर, पाठ केल्यासारखा. त्याचं बोलणं संपल्यावर स्त्रातिस म्हणाला, "एकच सांग बाबा. चौथ्या महिन्यात किती?"

मग त्याने रिसीव्हर कानापासून दूर धरून बघितला.

"ठेवला त्याने," स्त्रातिस म्हणाला. आणि रिसीव्हर खाली ठेवायच्या आधी त्याने तो स्वेटरच्या बाहीने नीट पुसला.